वाढीव वेळ : सवलत की अन्याय?

(समाजाच्या रविवारच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर)

सभेच्या चिटणीसांनी मला नेहमीप्रमाणे आरोग्यावर, म्हणजे रक्तदाब किंवा मधुमेह यांवर, बोलावयास सांगितले होते. तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलण्याची परवानगी मी त्यांच्याकडून मागून घेतली. कारण असे, की गेल्या हनुक्काच्या मेळाव्यात आपल्याच दोन मुलांमध्ये जो वाद झाला तो येथे बसलेल्या अनेकांनी ऐकला, आणि त्यानंतर दोन्ही घरांतील मंडळींनी मला वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला. एका मुलाला एस.ए.टी. परीक्षेत दीडपट वेळ मंजूर झाला आहे. दुसऱ्याने त्याला चारचौघांत ऐकवले, "इतका वेळ मला दिला असता, तर मीही तुझ्याएवढे गुण आणले असते." पहिला मुलगा माझा नातू आहे. तेव्हा या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते. परंतु दुसऱ्या मुलाचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही, फक्त दटावले. दटावणे म्हणजे उत्तर नव्हे.

हा वेळ दिला जातो तो कशासाठी, हे प्रथम पाहू. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीगत छापली. मुलगा हुशार, चुणचुणीत, खेळात तरबेज, गणितातही बरा. पण छापील शब्द त्याला ओळखता येत नसत. डोळ्यांत दोष नव्हता. त्याला नुसते तोंडी शिकवले असते तर वर्गात तो सर्वांच्या पुढे असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो त्याचे हे वैद्यकातील एक आरंभीचे वर्णन होय. पुढे येल विद्यापीठातील सॅली आणि बेनेट शेविट्झ या डॉक्टर दांपत्याने १९९८ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की वाचताना अशा व्यक्तींच्या मेंदूच्या मागील भागातील केंद्रे इतरांप्रमाणे कामाला लागत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. आपण जेव्हा 'रुग्णालय' हा शब्द पाहतो तेव्हा आपण तो वाचत नाही, ओळखतो. जसा ओळखीचा चेहरा ओळखावा तसा. ज्याला ही अडचण आहे त्याला प्रत्येक वेळी तो चेहरा नव्याने जुळवावा लागतो. चांगले शिक्षक मिळाले, सराव झाला, की तो पुष्कळदा अचूक वाचू लागतो. परंतु त्याचे वाचन संथच राहते. म्हणजे अर्थ कळतो, पण उशिरा कळतो. बुद्धीचा आणि या उशिराचा संबंध नाही. लिहिण्याच्या बाबतीत असेच झाले तर त्याला डिसग्राफिया म्हणतात, आकड्यांच्या बाबतीत डिसकॅल्क्युलिया. मराठीत या सर्वांना मिळून अध्ययन अक्षमता असा शब्द रूढ झाला आहे. शब्द जड आहे, आणि 'अक्षमता' ऐकून पुष्कळ आयांचा चेहरा उतरतो हे मी पाहिले आहे. पण सरकारी कागदावर तोच असतो, म्हणून तोच वापरते.

माझा धाकटा भाऊ मुंबईत तीनदा मॅट्रिकला बसला आणि तिन्ही वेळा नापास झाला. साठच्या दशकातली गोष्ट. भूमितीचा सिद्धांत तो तोंडी असा समजावून सांगे, की मी त्याच्यापेक्षा मोठी असून त्याच्याकडून शिकले. पेपर मात्र कधी पुरा होत नसे. घंटा झाली की शेवटचे दोन प्रश्न कोरे. मास्तर त्याला 'ढ' म्हणत, वडील 'आळशी' म्हणत, आणि आई काही म्हणत नसे, पण दर निकालाला तिचे डोळे सुजलेले असत. पुढे तो एका कारखान्यात फिटर झाला. पंप उघडून, आतला बिघड काढून, नकाशा न पाहता पुन्हा जोडणे हा त्याचा हातखंडा होता. त्याला अर्धा तास अधिक दिला असता तर तो इंजिनियर झाला असता, असे मी म्हणणार नाही. ते मला ठाऊक नाही. परंतु त्याला काय येत होते हे त्या तीन परीक्षांनी मोजले नाही, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

त्याच महाराष्ट्राने पुढे या बाबतीत भारतात लवकर पाऊल टाकले, हे आपण अभिमानाने सांगावे. १९९६ मध्ये, म्हणजे मॉर्गनच्या त्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी परीक्षेतील सवलती अधिकृतपणे मान्य केल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, ज्याला आपण सारे सायन हॉस्पिटल म्हणतो, अशा मुलांची तपासणी होऊ लागली, आणि तेथील डॉ. माधुरी कुलकर्णी व डॉ. सुनील करंदे यांनी या विषयावर लेखन केले. सवलती पुष्कळ होत्या. लेखी परीक्षेत अर्धा तास अधिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. सवलती घेतलेल्या मुलांचे शालान्त परीक्षेतील गुण त्यांच्या आधीच्या गुणांपेक्षा बरेच वाढले, असे या डॉक्टरांना आढळले. मात्र येथे एक सावधगिरी हवी. ज्याने अवघड विषयच सोडला त्याचे गुण वाढले, तर ते वेळेमुळे वाढले असे म्हणता येत नाही. विषय सोडणे ही एक गोष्ट आणि त्याच विषयाचा तोच पेपर अधिक वेळात सोडवणे ही दुसरी. वादात आपण या दोहोंची सरमिसळ करतो. माझ्या नातवाला सोपा पेपर मिळालेला नाही. त्याला तोच पेपर मिळणार आहे.

आता आकडे पाहा. महाराष्ट्राची मूळ सवलत तीन तासांच्या पेपरला अर्धा तास. भारत सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांना एक तास. येथे अमेरिकेत बहुधा दीडपट, म्हणजे तीन तासांना दीड तास, आणि काहींना दुप्पटही. एस.ए.टी.चा हल्लीचा संगणकावरील पेपर २ तास १४ मिनिटांचा आहे. तो माझ्या नातवासाठी ३ तास २१ मिनिटांचा होईल. एकाच मुलाचा एकच मेंदू, आणि त्याला मुंबईच्या मूळ नियमाने तीस मिनिटे, दिल्लीच्या नियमाने साठ, अल्फारेटात नव्वद. हे आकडे कोणा डॉक्टरने घड्याळ लावून त्या मुलावर काढलेले नाहीत. ते कचेरीच्या सोयीचे आकडे आहेत. औषधाची मात्रा रुग्णाचे वजन पाहून ठरवण्याची सवय लागलेल्या माझ्यासारखीला हे खटकते. सवलतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही उणीव आधी कबूल करावी, असे मला वाटते.

मग त्या दुसऱ्या मुलाचा प्रश्न. सवलतीचे समर्थक नेहमी चष्म्याचा दाखला देतात: ज्याला दिसत नाही त्याला चष्मा दिला तर तो इतरांवर अन्याय होतो काय? दाखला ऐकावयास गोड आहे, पण पुरा लागू पडत नाही. माझा चष्मा तुम्ही घातलात तर तुम्हाला अधिक दिसणार नाही, उलट डोके दुखेल. वेळेचे तसे नाही. घाईच्या परीक्षेत वेळ कोणालाही उपयोगी पडतो. तेव्हा विचारावयाचे ते असे, की वाढीव वेळेचा उपयोग कोणाला किती होतो.

यावर संशोधन झाले आहे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ठरलेल्या वेळेत अध्ययन अक्षमता असलेले विद्यार्थी आकलनात बरेच मागे पडले. अधिक वेळ देताच ते इतरांच्या बरोबरीला आले. आणि इतरांना मात्र अधिक वेळ देऊनही त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. सर्वच अभ्यासांचा निकाल इतका स्वच्छ नाही. २००५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात वाढीव वेळेने बहुधा सर्वांचेच गुण वाढतात, परंतु अक्षमता असलेल्यांचे अधिक वाढतात, असा कल दिसला. म्हणजे त्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे. त्यालाही वेळेचा लाभ झाला असता, परंतु बहुधा थोडा. माझ्या नातवाला वेळ न दिल्यास जो तोटा होतो तो त्याहून पुष्कळ मोठा.

पण मग, थोडा लाभ तरी त्याला का नाकारावा? हा प्रश्न मला अधिक अडचणीचा वाटतो, आणि त्याचे उत्तर मी माझ्या धंद्यातून शोधते.

आमच्या नर्सिंगच्या शिक्षणात दोन प्रकारच्या परीक्षा असत. एका बाटलीत १००० मिलिलिटर सलाईन आहे, ते आठ तासांत द्यावयाचे आहे, संच मिलिलिटरला वीस थेंबांचा आहे. तर मिनिटाला किती थेंब? उत्तर बेचाळीसच्या आसपास. हे गणित एका मुलीने एका मिनिटात केले आणि दुसरीने तीन मिनिटांत, तर रुग्णाला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो उत्तर चुकल्यास. दुसरी परीक्षा म्हणजे हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाजवळ उभे राहणे. तेथे काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेथे कोणीही दीडपट वेळ मागू शकत नाही, आणि मागू नये. ज्या कामात वेग हाच कामाचा भाग आहे तेथे वेग तपासावा, आणि तो सर्वांचा सारखा तपासावा. परंतु जेथे ज्ञान तपासावयाचे आहे तेथे घड्याळ हे केवळ सभागृह रिकामे करण्याच्या सोयीसाठी असते. त्या घड्याळाने कोणाचे ज्ञान झाकले जात असेल, तर ते बाजूला सारण्यात कोणावर अन्याय होतो?

माझ्या तुकडीत एक मुलगी होती. अक्षरे तिच्या डोळ्यांसमोर जागा बदलत. शरीरशास्त्राच्या पेपरात ती एकदा नापास झाली, कारण पेपर अर्धाच झाला होता. वॉर्डात मात्र ती इंजेक्शनच्या कुपीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाची आणि मग शेजारच्या सिस्टरला दाखवी. आम्ही हसत असू. पुढे मोठ्या रुग्णालयांत धोक्याची औषधे दोघींनी मिळून तपासण्याचा नियम मी पाहिला, तेव्हा मला तिची आठवण झाली. तिने स्वतःच्या डोळ्यांवर कधी विश्वास ठेवला नाही. माझ्यासारख्या भराभर वाचणाऱ्या मुलींनीच तो अधिक ठेवला, आणि एका रात्री एका कुपीच्या बाबतीत माझी चूक होता होता राहिली, ती तिच्यामुळे.

म्हणून 'सर्वांनाच वेळ का नको' या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की जेथे वेग मोजावयाचा नाही तेथे सर्वांनाच द्यावा. हे अशक्य नाही. येथे परिचारिकेच्या परवान्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा असते. तिच्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, आणि वेळ पाच तास. तेथेही अक्षमता असलेल्यांना राज्याच्या मंडळाकडून सवलत मागता येते. परंतु मुळात ती परीक्षा शर्यत म्हणून रचलेली नसल्यामुळे, कोणाला किती मिनिटे अधिक मिळाली यावर भांडण होत नाही. जेथे परीक्षा शर्यत म्हणून रचली आहे तेथेच शेजाऱ्याच्या घड्याळाकडे डोळे लागतात.

तशा शर्यतीत काय होते याचे उदाहरण मुंबईचेच आहे. १२ सप्टेंबर २०२१ रोजी वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा झाली. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाप्रमाणे एक तास अधिक मिळावयास हवा होता. केंद्रावरील लोकांना नियमच ठाऊक नव्हता. तीन तास होताच तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेथे यश आले नाही, मग सर्वोच्च न्यायालयात. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की तिच्यावर अन्याय झाला आहे. पुन्हा परीक्षा घेता येणार नाही, परंतु या अन्यायाची भरपाई कशी करावयाची ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने एका आठवड्यात ठरवावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने लेखनिकाचा हक्क मान्य केला होता. २०१६ च्या भारतीय कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यामुळे हे शक्य झाले. न्यायालयाची भाषा दयेची नव्हती, हक्काची होती. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. तरी गेलेला तास त्या मुलीला परत मिळाला नाही, तोही नाहीच.

आता अन्याय कोठे आहे ते सांगते, कारण अन्याय आहे. तो वेळ देण्यात नाही. वेळ कोणाला मिळतो, त्यात आहे. येथे खासगी मानसशास्त्रज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घ्यावयाची तर हजारो डॉलर लागतात. ज्याच्याकडे ते आहेत, आणि ज्याच्या आईला कोणाला पत्र लिहावयाचे ते ठाऊक आहे, त्याचे मूल सवलतीपर्यंत पोहोचते. २०१९ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेला महाविद्यालयीन प्रवेशाचा घोटाळा तुम्हाला आठवत असेल. त्यातील दलाल श्रीमंत पालकांना सांगे, की मुलासाठी अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवा, वाढीव वेळ घ्या, म्हणजे परीक्षा त्याच्या ताब्यातील केंद्रावर नेता येते आणि उत्तरे बदलता येतात. त्या लोकांनी सर्वांत मोठी चोरी कोणाची केली असेल, तर खरोखर अडचण असलेल्या मुलांची. त्यानंतर प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहणे लोकांना सोपे झाले. मुंबईत पैशाचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, रांगा मोठ्या असतात, आणि तपासणीची साधने इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी जितकी तयार झाली तितकी मराठी माध्यमासाठी झाली नाहीत. दादरच्या इंग्रजी शाळेतील मूल आणि अलिबागच्या जिल्हा परिषद शाळेतील मूल यांची अडचण एकच असली तरी कागद एकालाच मिळण्याचा संभव अधिक. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये ही आज्ञा आहे, आणि तिच्या अगदी पुढच्याच वचनात न्याय करताना गरिबाची भीड धरू नये व थोराचीही धरू नये असे सांगितले आहे. दोन्ही एकाच दमात पाळावयाच्या आहेत, आणि आपण बहुधा एकच पाळतो.

आणखी एक अडथळा आपण स्वतःच उभा करतो. २००३ पर्यंत एस.ए.टी.मध्ये वाढीव वेळ घेतलेल्याच्या गुणपत्रिकेवर तशी खूण केली जात असे. महाविद्यालयाला लगेच कळे. ती खूण त्या वर्षी बंद झाली. परंतु आपल्या घरांत ती अजून चालू आहे. "तपासणी नको मावशी, उद्या स्थळ पाहताना कोणी विचारले तर?" असे मला याच सभागृहात एका आईने सांगितले आहे. इस्रायलमधील आपल्या नातलगांना 'हतामोत', म्हणजे परीक्षेतील अशा सवलती, हा रोजचा शब्द आहे. दिमोना आणि अश्दोदच्या फोनवर तो सहज येतो. येथे मात्र आपण कुजबुजतो. माझा नातू मेळाव्यानंतर आठवडाभर म्हणत होता, की मला तो वेळ नको, मी सर्वांबरोबरच बसेन. त्याच्या आईने त्याला समजावले. मी समजावले नाही. मी त्याला त्याच्या मामाआजोबांची गोष्ट सांगितली आणि निर्णय त्याच्यावर सोडला. अजून त्याने काही ठरवलेले नाही.

ज्यांना आपल्या मुलाविषयी शंका आहे त्यांच्यासाठी आता व्यवहाराचे. खासगी तपासणीचे पैसे नसतील तर थांबू नका. सरकारी शाळेकडे लेखी विनंती केल्यास, आणि शाळेलाही अक्षमतेचा संशय रास्त वाटल्यास, तिला विनामूल्य तपासणी करावी लागते. तुम्ही संमतिपत्रावर सही केल्यापासून जॉर्जियात तिला साठ दिवसांची मुदत असते. लांब सुट्ट्या त्यातून वगळल्या जातात. शाळेने नकार दिला तर तोही लेखी मागा. तोंडी सांगितलेले कोठेच मोजले जात नाही. पत्रावर तारीख घाला आणि प्रत घरी ठेवा. तपासणीनंतर मुलाला विशेष शिक्षणाचा आराखडा मिळेल, किंवा १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाखालचा आराखडा. वर्गात वाढीव वेळ त्यावर मिळतो. परंतु एस.ए.टी.साठी तो आपोआप लागू होत नाही, येथेच पुष्कळजण फसतात. कॉलेज बोर्डाकडे वेगळा अर्ज, बहुधा शाळेमार्फत, करावा लागतो आणि उत्तराला सात आठवडे लागू शकतात. म्हणजे मे महिन्याच्या परीक्षेसाठी अर्ज मार्चच्या आरंभीच गेला पाहिजे. लहान मुले असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की जॉर्जियाच्या २०१९ च्या कायद्याने बालवर्गापासूनच डिस्लेक्सियाची प्राथमिक चाचणी घेण्याची तरतूद केली आहे. तिचा निकाल काय आला ते शिक्षिकेला विचारा.

विनंतीपत्राचा एक नमुना मी इंग्रजीत टाइप करून आणला आहे. बाहेर चहाच्या टेबलावर, बिस्किटांच्या डब्याशेजारी, त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. कोणाला भरताना अडचण आली तर हिब्रूच्या वर्गानंतर मी तासभर मागच्या खोलीत बसलेली असते. दार बंद करून बोलता येईल.